वेळाधिकारी

मी पळत नसे. पहिल्याच खोला बाद व्हायचो,
म्हणून दाभाडकर सरांनी घड्याळ माझ्या गळ्यात घातलं:
सुतळीला बांधलेलं, काच तडकलेली,
बटण जरा हट्टी.
"तू वेळ बघ," म्हणाले.
आणि मी बघत राहिलो,
आठवी, नववी, दहावी.

शिवडीची शाळा, मैदान कापसाच्या गोदामांना लागून.
वारा सुटला की मातीवर कापूस यायचा,
पळणाऱ्यांच्या पोटऱ्यांना चिकटायचा.
दोन खांब, तळहातांनी गुळगुळीत झालेले.

मुकुंद आंबेरकर आधी आठवतो, उंचीमुळे.
एवढा ताडमाड पोरगा खो-खोत टिकत नाही, म्हणत.
तो एका हाताने खांब धरून असा वळायचा
की मागचा गडी हवेला मिठी मारून तोंडावर पडायचा,
आणि मुकुंद तिथेच थांबून विचारायचा, "लागलं का रे?"
या सवयीपायी तो दोनदा बाद झाला.
सरांनी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या.
तिसऱ्या वेळीही त्याने विचारलंच.

मुश्ताक पटवेकर कुणाला काही विचारत नसे.
बुटका, डावा खांदा जरा खाली.
आठ जण बसलेले, एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे,
आणि हा त्यांच्यामधून,
रजईत टाके पडावेत तसा
आत, बाहेर, आत.
पायांचा आवाज नाही.
फक्त "खो", "खो",
आणि माझ्या मुठीत टिकटिक.

नायगावच्या फायनलला शेवटच्या तुकडीतला तो एकटा उरला.
चार मिनिटं नऊ सेकंदांवर त्याच्या पाठीला बोटं लागली.
शिट्टी मी ऐकली. अंगठा उशिरा हलला.
बटण हट्टी होतं हे खरं.
तो अजून पळायला हवा होता मला, हेही.
वहीत लिहिलं: चार-दहा.
सामना आम्ही तरीही हरलो, दोन गुणांनी.

मुलींचा सराव आमच्यानंतर, उजेड उतरल्यावर.
त्यांना वेळाधिकारी नव्हता.
एकदा घड्याळ परत करायचं राहिलं
आणि मी कुंपणाशी रेंगाळलो.
ललिता केणी पळत होती, ओढणी कमरेला गच्च.
ती साखळीत शिरायचीच नाही.
मोकळ्या मातीवर, तोंड पाठलाग करणारीकडे करून,
उलटी पळायची. मागे, मागे,
हसत.
मी बटण दाबलं.
पाच-बावन्नला तिची आई बोलवायला आली,
आणि ती चपला घालून निघून गेली. नाबाद.
हे कुठल्याच वहीत नाही.
तिलाही सांगितलं नाही मी.
कोण म्हणून सांगणार होतो?

परवा केईएममध्ये होतो, भावाच्या ऑपरेशनला.
वॉर्डाबाहेर नातेवाईक जमिनीवर ओळीने बसलेले,
डबे, चादरी, एक्स-रेची पाकिटं,
कुणाचं तोंड भिंतीकडे, कुणाचं जिन्याकडे.
त्यांच्यामधून एक टकला माणूस आला,
रक्ताची पिशवी छातीशी धरून,
डावा खांदा जरा खाली.
आत, बाहेर, आत.
एका डब्यालाही पाय लागला नाही.
मी हाक मारली नाही.
गडी मैदानात असताना मारायची नसते.

दार लोटलं गेलं तेव्हा कळलं,
माझा अंगठा वाकलेला होता.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला, शेजारी टेकला,
माझ्याकडे बघत राहिला, मग एकदम म्हणाला,
"चार-दहा!"
बायको आत होती त्याची. तिसरी पिशवी.
"नातीला अजून सांगतो मी," म्हणाला,
"तिला खोटं वाटतं. वहीत आहे ना रे तुझ्या?"

"आहे," मी म्हटलं.