डावं फुप्फुस

नॉर्मंडीतल्या त्या गावात माणूस कागदाचा होई.
साच्यात आधी रद्दीच्या पट्ट्यांचे थर,
मग लगदा: खळ, खडूची पूड, बुचाचा भुगा,
अंगठ्यानं कोपऱ्याकोपऱ्यात दाबलेला.
वाळला की जोडायचा,
एकशे तीस तुकडे, पितळी आकडे,
वर सरसाचा हात.
मडं उन्हाळ्यात टिकत नाही. हा टिकतो.
पोरं त्याला दहादा उघडतात,
दहादा मिटतात, डबा धुवायलाही लागत नाही.

लेओकादी ओझान त्याच्यावर चिठ्ठ्या डकवायची,
रोज तीनशे.
आकडे आधी कळले, मग अक्षरं,
आणि तिनं वाचलेला पहिला शब्द होता प्लीहा.
दुसरा पित्ताशय.
देवाचं नाव बरंच नंतर,
तेही त्यात प्लीहेतलं एक अक्षर
ओळखीचं निघालं म्हणून.

पण ही त्याच्या आधीची गोष्ट.
क्रिमियाहून नवऱ्याचं पत्र आलं.
वाचून घ्यायचं तर पाद्र्याकडे जायचं,
आणि पाद्र्याच्या पोटात तीळ भिजत नसे.
नको, म्हणाली. एप्रनच्या खिशात ठेवलं,
आठ दिवस, नऊ.
दहाव्या दिवशी गाय विकली,
तांबडी, एका शिंगाची,
आणि परत येऊन पत्राच्या पट्ट्या फाडल्या.
का, ते मला ठाऊक नाही.
आपण म्हणतो, पोटात ठेव;
तिच्यासमोर त्या दिवशी फुप्फुसाचा साचा होता.

नवरा आला नाही. दुसरं पत्र आलं,
सरकारी, छापील.
तोवर तिला वाचता येत होतं.

डावं फुप्फुस बोटीनं लिमाला गेलं.
कितीक पिढ्यांनी ते उचललं, ठेवलं,
कुणी त्याच्या खोबणीत सिगारेटची थोटकं लपवली,
कुणी परीक्षेआधी त्याच्या पाया पडल्यासारखं केलं.
परवा निल्दा माम्मानी, कापसाची काडी थुंकीनं ओली करून,
खालच्या पाळीवरची भेग पुसत होती.
रंगाखाली कपटा दिसला. तपकिरी शाई.
तिला ती भाषा येत नाही.
शेजारच्या टेबलावरच्या मुलाला हाक मारली,
त्यानं मान वाकडी करून वाचलं:
गाय विकू नकोस, मी

पुढे सरस.

नियम असा की भेग बुजवायची.
तिनं बुजवली, रंग जुळवला,
आणि नोंदवहीत लिहिलं:
आतल्या थरात हस्ताक्षर. मजकूर किरकोळ.