भट्टीतली बोट

भट्टी पाडायला घेतली ती पार्किंगसाठी.
सुधाकरच्या दोन गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात,
आणि तसंही खडकीत आता
रेह घालून कपडे उकळून घेतं कोण?

तिसऱ्या घावाला मागची वीट निसटली.
आत कोनाड्याएवढी पोकळी,
पोकळीत फडक्याचं गाठोडं, गाठोड्यात बोट.
पत्र्याची. दीड वीत.
लाल पोट, पांढरा डेक, दोन धुरांडी,
सुकाणूपाशी पेराएवढा टोपीवाला,
त्याच्या नाकावर तेवढा गंज.

बुधवारी जुन्या बाजारात
हकीमभाईंनी भिंग लावलं, तळाचा शिक्का वाचला
आणि चहा मागवला.
हकीमभाई स्वतःहून चहा मागवतात
म्हणजे प्रकरण साधं नाही.
"जर्मन. शंभरावर वर्षं. रंग मूळचा.
कोरड्या, उबेच्या जागी ठेवलीत, शाब्बास.
आज दोन लाख देतो.
किल्ली असती तर साडेतीन."
मग सहज, भिंग पुसता पुसता,
"तुमच्याकडे आली कशी?"

सुधाकर म्हणाला, वडिलोपार्जित.

माझ्या मांडीवर ते फडकं होतं.
कुण्या पोराच्या सदऱ्याचा तुकडा,
कोपऱ्यात बिब्ब्याची खूण:
तीन ठिपके, खाली आडवी रेघ.

आमच्या घरात अक्षरं उशिरा आली,
खुणा आधी.
उभी रेघ डॉक्टरांची, फुली मेसची,
पागोळीसारखी ती दारूगोळा कारखान्यातल्या बाबूंची.
तीन ठिपके नि रेघ बापाने जमिनीवर काढून दाखवली
आणि पायाने पुसली.
ही पुन्हा कुठल्या गिऱ्हाइकाला द्यायची नाही.

कारण घरात सगळ्यांना पाठ.
त्या बंगल्यातल्या साहेबाने
पणजोबांवर चोरीचा आळ घेतला होता.
काय चोरलं, हे मात्र कुणी सांगत नसे.
मारुती परटाने भर बाजारात
जेजुरीकडे तोंड करून भंडारा उचलला,
आणि तिथून पुढे आम्ही
खिशात सापडलेला आणासुद्धा
कागदात बांधून परत करत आलो.
दुकानात पाटी आहे अजून:
"कपड्यांत राहिलेली वस्तू मागून न्यावी."
लोक येत नाहीत. डबा भरलाय.
बटणं, बसची तिकिटं, एक सोन्याची नथ.

खंडेनवमीला आम्ही इस्त्र्या पुजतो,
कोळशाची एक, विजेच्या दोन,
आणि शेजारी एक पितळी किल्ली,
फुलपाखरासारखे कान असलेली.
कशाची, म्हणून विचारलं
की सोनाआत्या म्हणायची,
"बाबाची आहे. हळद वाहा आणि गप बस."

गप बसलो. बावन्न वर्षं.

रात्री सगळे निजल्यावर
निळीच्या टबात बोट सोडली.
किल्ली बसली.
हळद दातांत अडकलेली, तरी बसली.

आजोबा तेव्हा सहा वर्षांचे असतील.
बापाच्या पाठीवरच्या बोचक्यामागे
बंगल्यापर्यंत चालत जाणारं पोर.
त्याने उचलली?
की पणजोबांनीच, त्याच्यासाठी?
की आळ आला, शपथ झाली,
आणि मग कधीतरी अंथरुणाखाली
हात लागला या पत्र्याला,
आणि परत करायची सोयच उरली नाही?
शपथ आधी की बोट आधी,
एवढंच मला कळायला हवं होतं.
तळाच्या शिक्क्यात ते नाही.

कुरकुरली, थरथरली,
टबाच्या मध्यापर्यंत गेली आणि वळली.
टोपीवाला माझ्याकडे तोंड करून थांबला.

रविवारी पुन्हा बाजार आहे.
सुधाकरने गाडीचा हप्ता मोजून ठेवलाय.
किल्लीचं मी त्याला अजून बोललो नाही.

फडकं मात्र धुतलं.
बिब्बा जात नाही,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार.
तरी दोनदा धुतलं.