फुंकर

गाडी सुरू करायची तर आधी फुंकायचं.
दीड लिटर हवा, यंत्र बसवणाऱ्या पोराने सांगितलं,
जणू दूधच मापून देत होता.
मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही,
पण घरात गाडी एकच
आणि यंत्राला तोंड ओळखता येत नाही,
फक्त वास.

जुई मागून विचारते, आई, आज पहिल्या फटक्यात?
शाळा आठ-दहाची. ड्राइव्हवेवर बर्फ,
नळी ओठाला चिकटते.
माउथवॉश बंद केलाय, खोकल्याचं औषधही.
एकदा ताज्या पावाचा घास तोंडात होता
तर मलाच दारुडी ठरवलं त्याने.
पंधरा मिनिटं बसून राहिलो दोघी,
ती सहाचा पाढा म्हणत,
मी काच पुसत.

उपेंद्र करमळकरांकडून निघाला तेव्हा एक वाजला होता.
मी घरी, जुईच्या तापापाशी.
त्याने कुणाला ठोकलं नाही. हे तो अजून सांगतो.
सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा,
आणि हा बीव्हरक्रीकच्या चौकात
स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होता,
पाय ब्रेकवर,
मागे पोरीची रिकामी सीट.
पोलिसाने टॉर्चने काच वाजवली.
टाचेला अंगठा भिडवत रेषेवरून नऊ पावलं चालायला लावलं.
सप्तपदीत सातच होती.
तीही नीट चालला नव्हता, धोतर पायात येत होतं,
सगळे हसले होते,
मीसुद्धा.

न्यायाधीशबाई सर्दीने बेजार होत्या.
नाक पुसत त्यांनी वाचलं:
तीन दिवस. दंड. वर्षभर परवाना नाही,
कामावर जाण्यापुरती सूट, सात ते सहा.
कळलं का, असं चारदा विचारलं,
चारदा हा "येस" म्हणाला,
हजेरी देणाऱ्या पोरासारखा.
ते तीन दिवस हायवेवरच्या मोटेलात गेले,
एक सुतार, एक निवृत्त नर्स, कॉलेजची दोन मुलं,
गोल बसून चेपलेल्या गाड्यांच्या फिल्मा बघत.
वकिलाचे पैसे वेगळे. विमा तिप्पट.
मग कॉन्सुलेटचं पत्र, चार ओळींचं:
पासपोर्टातला व्हिसा रद्द.
इथे राहा, पण बाहेर पडलात तर परत येण्याचा भरवसा नाही.
साताऱ्यात त्याच्या बहिणीचं ऑपरेशन झालं.
तो फोनवर म्हणाला, काळजी घे.
तीही म्हणाली, तूच घे.

पाटी पिवळी, आकडे लाल.
तिकडे पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी,
इथे अख्खी गल्ली वाचते.
ओहायोत पुढे पाटी लागत नाही, तेवढीच सरकारची मेहेरबानी,
म्हणून मी देवळाच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेते,
पाठ भिंतीला.
करमळकरवहिनी बघायचं ते बघतात
आणि विचारतात, भजी घेतलीस का गं?
ग्लास कुणी भरले होते ते कुणी काढत नाही.

दर महिन्याला यंत्राचा हिशेब छापून येतो.
माझे श्वास, त्याचे श्वास, तारीखवार.
परवा नीट वाचला.
रोज रात्री दोनच्या पुढे एक नोंद,
कधी दोन, तीन.
शून्य. शून्य. शून्य.
मैल मात्र तेवढेच.

काल उठून पाहिलं.
गॅरेजच्या अंधारात हा, पायजम्यावर कोट,
नळी तोंडाशी.
बीप झालं. हिरवा दिवा लागला,
त्या उजेडात चेहरा असा
की बोर्डावर स्वतःचा नंबर सापडलाय.
दिवा विझेपर्यंत थांबला
आणि पुन्हा फुंकलं.

मी दार लोटलं नाही.
राग गेलेला नाही माझा, तो आहे तिथेच आहे.

सकाळी नळी ओलसर होती.
स्वेटरच्या बाहीने पुसली.
जुई म्हणाली, आई, आठ वाजले.