तिसऱ्या ढोलाची जागा

पाच ढोल होते आमचे, चढत्या मापाचे.
चौथा माझा.
ओळ धावायची तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला एकच ठोका:
एक, दोन, तीन, चार, पाच,
जणू एकच माणूस जिना उतरतोय
आणि आपण फक्त एक पायरी.

एकोणऐंशीचा उन्हाळा. आयोवातून निघालेली जुनी बस,
गावोगावच्या शाळांच्या व्यायामशाळा, लाकडी जमिनी,
पहाटे गालावर झोपायच्या पिशवीच्या चेनचा वळ.
शेंगदाण्याच्या लोण्याची सँडविचेस, इतकी,
की अजूनही बरणी उघडली की मला डांबराचा वास येतो.
पाठीवर पट्ट्यांच्या जागी पांढरी फुली,
बाकी सगळी मी तांब्याची.
आई म्हणाली, मुलगी पाठवली होती, किटली परत आली.

पाच यार्डांत आठ पावलं. साडेसात नाही, नऊ नाही.
प्रुशिन्स्की सर शिडीवरून ओरडायचे, "पुन्हा!"
त्यांना दुसरा शब्द येत असावा,
आम्ही तो ऐकला नाही.

आणि परीक्षक. त्या काळी ते मैदानातच शिरायचे,
आमच्यामधून फिरायचे वही घेऊन,
नाडी बघणाऱ्या डॉक्टरसारखे वाकून.
एक चूक, एक टिंब.
एक टिंब, एक दशांश वजा.
पेन्सिल टेकल्याचा आवाज
साठ बिगुलांतूनही ऐकू येतो, खोटं नाही सांगत.

वेंडेल हास तिसरा ढोल.
अवघड जागा आली की जीभ बाहेर काढायचा.
जुलैच्या मध्यावर, इंडियानात, एका पेट्रोल पंपावर
तो टेलिफोनच्या खोक्यातून बाहेर आला
आणि म्हणाला, ट्रॅक्टरच्या कारखान्यात लागलो,
सोमवारपासून. ते थांबणार नाहीत.
पट्टे उतरवून त्यानं त्यांची घडी घातली,
जणू ती घडी घालायची वस्तू होती.

नवी आखणी करायला वेळ कुठला.
त्याची जागा रिकामी ठेवून चालायचो.
दोन आणि चारच्या मध्ये बरोबर एका माणसाचं अंतर,
कुणी त्यात सरकायचं नाही.
वळणावर आम्ही त्या नसलेल्याला वाट द्यायचो.
त्याचा ठोका मात्र माझ्याकडे आला.
तीन, चार: डावा, उजवा.
एका पायरीवर दोन पाय.

अलाबामा. ऑगस्ट. हवा ओल्या घोंगडीसारखी.
अंतिम फेरीत बाराच पथकं जाणार.
शेवटच्या धावेला परीक्षक माझ्या डाव्या हाताशी वाकला
आणि वेंडेलचा ठोका लवकर पडला,
केसभर.
पेन्सिल टेकली.

आम्ही तेरावे. एका दशांशानं.
बसमध्ये कुणी बोललं नाही. मेम्फिसनंतर
कुणीतरी चिप्सचं पाकीट फोडलं, तेही हळू.

चाळीस वर्षं ते टिंब मी कुणाला दाखवलं नाही.
लोकांच्या तळघरांत पाण्याचे बंब दुरुस्त करताना
डावा हात क्षणभर रोखून धरायचा,
एवढीच काय ती सवय लागली.

मग मार्लिस गेली, झेंडेवाली.
चर्चच्या तळघरात, कॉफीच्या वेळी तिची बहीण म्हणाली,
शेवटपर्यंत घोकत होती, झेंडा माझ्या हातून निसटला,
माझ्यामुळे तेरावे आलो.
ड्वेन कपात बघत म्हणाला, छे, माझा पाय चुकला होता.
मग टेबलाभोवती एकेकानं
आपापलं टिंब काढून ठेवलं.
बेरीज केली तर तेरावे आलो हेच नवल.

मी माझं काढलं नाही.
वेंडेल समोर बसला होता, पांढऱ्या मिशीचा,
त्याच्या देखत त्याचा ठोका कसा बाहेर काढायचा?

नंतर पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या टपावर बोटं आपटली:
एक. दुसऱ्यानं: दोन.
माझा डावा हात निघाला होता, तो खिशात कोंबला.
आणि वेंडेलनं, जीभ बाहेर काढून, तीन.
मग मी. मग पाच.

त्याचा उशिरा आला. केसभर नाही, चांगला बोटभर.
कुणीच काही बोललं नाही.
मग मीच म्हणाले,
पुन्हा.