धावपट्टी, रात्री दोन ते साडेचार

शेवटचं मालवाहू विमान उतरलं की आम्हाला आत सोडतात.
लिंकनशायरचा सपाट तुकडा. वारा थेट समुद्रावरून येतो,
मध्ये अडवायला एक झाड नाही.
थ्रेल्फॉल पिवळी गाडी चालीच्या वेगानं नेतो
आणि मी दिव्याच्या तिरक्या उजेडात
डांबर वाचत जाते.

कागद म्हणतो: सच्छिद्र थर, चाळीस मिलिमीटर, वय अकरा.
अकराव्या वर्षी पोरं ताडमाड वाढतात.
हा थर म्हातारा होतो.

गुडघे टेकते. पितळी कडं ठेवते,
कडेनं पुट्टी दाबते, पाणी ओतते, घड्याळ सुरू.
पाणी कुठंतरी मुरतंय, असं आमच्याकडे म्हणाले
की भुवया वर जायच्या.
इथे मुरलं तरच माझा श्वास सुटतो.
कडेच्या पट्ट्यात सात सेकंद.
चाकं टेकतात तिथे चाळीस, पन्नास, मग मी मोजणं सोडते.
रबरानं सगळी तोंडं लिंपलीत,
पाणी बशीतल्या चहासारखं थिजून राहिलंय
हेल्मेटचा दिवा पोटात घेऊन.

कुसुंबा मावशी मला छिद्रान्वेषी म्हणायची,
साडीतलं, बोलण्यातलं, स्थळाच्या चिठ्ठीतलं भोक
आधी मलाच दिसायचं म्हणून.
मावशी, आता भोक सापडलं नाही
की मी लाल खूण करते.

चौदाशे वीस मीटरवर अंगठ्यानं नुसतं दाबलं
तर खडे हलले, दुधाच्या दातासारखे.
एक, चार, अकरा. असा एक जरी इंजिनात गेला तर.
थ्रेल्फॉल ते मोहरीच्या जुन्या डब्यात गोळा करतो.
आज डबा वाजला नाही बराच वेळ.
मग म्हणाला, हा पट्टा आम्हीच घातला होता.
लॉरी उशिरा आली. माल गार झालेला.
पाऊस येणार म्हणून रोलर फिरवला,
आणि कुणाला बोललो नाही.

अहवालात एक चौकट असते: कारण.
बोटं बधिर. पेन चालेना, मांडीवर घासलं.
लिहिलं: माल गार असताना पसरला असावा.
त्या ‘असावा’वर मी थोडी रेंगाळले.
खोटं नव्हतं ते. पूर्ण खरंही नव्हतं.

साडेचार. दिवे विझवत आम्ही परत निघालो.
एक ससा धावपट्टी ओलांडून गेला, न थांबता, कोरड्या पायानं.
थ्रेल्फॉलच्या मांडीवर डबा,
प्रत्येक खड्ड्याला
वाजत होता.