उलटा खांदा

सेलूला, स्टेशन रोडवर, एकेचाळीस वर्षं
लोकांच्या डोक्यावर धरलेला हात
कानाच्या वर जाईना झाला.

सोमवारी दुकान बंद, म्हणून सोमवारीच नांदेड गाठलं.
डॉक्टर कहाळेकरांनी फोटो उजेडाला धरला.
गोळा झिजलाय, म्हणाले, वाटीही झिजलीय,
वर ओढणारी दोरी तर केव्हाच तुटलीय.
आता उलटा बसवू:
वाटीच्या जागी गोळा, गोळ्याच्या जागी वाटी.
मी म्हणलं, साहेब, वाटी झिजते हे मलाबी ठाऊक आहे,
माझ्या बापाच्या पितळेच्या वाटीचा काठ
आता पात्यासारखा लागतो.
ते हसले नाहीत. तारीख दिली.

तीन आठवडे तयारीचे.
उजव्यानं जेवायचं, डाव्यानं धुवायचं,
एवढा एक धर्म जन्मभर पाळला होता,
आता दोन्ही कामं डाव्यावर आली.
कालवण कोपरापर्यंत ओघळायचं.
केवळानं माझ्या शर्टाच्या बाह्या उसवून नाड्या लावल्या,
म्हणली, झबलं शिवल्यावाणी वाटायलंय.
अंकुशला किल्ली दिली, आणि सांगितलं:
काबरा शेठच्या मानेवर मस आहे, तिथं वस्तरा सांभाळून.
मास्तर खुर्चीत झोपतात. उठवू नको.
पैसे मागू नको त्यांना, उठल्यावर आपणच देतात.

आदल्या रात्री वॉर्डबॉय आला, मोबीन नावाचा पोरगा,
काखेपासून मानेपर्यंत साफ करायला.
कातडी न ताणताच पातं लावलं त्यानं.
बेटा, आधी ताण, मग ओढ,
केसाच्या कलानं जा, घाई कुणाला आहे.
दुसऱ्या वेळेला बरा चालला हात.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान कुणाच्या हाताखाली दिली,
आणि समोर आरसा नव्हता.

जागा झालो तर पट्ट्यात कुणाचा तरी हात बांधलेला.
डाव्यानं चाचपला. गार, जड,
ओळख न दाखवणारा.
पहाटे चारला ओळख पटली.
अख्ख्या वॉर्डाला कळली.

आडवं झोपायचं नाही, सहा आठवडे.
अंकुशनं हातगाड्यावर घालून दुकानातली जुनी खुर्ची घरी आणली,
पाठ मागं कलणारी, डोक्याला टेकू असलेली.
मे महिना. पट्ट्याखाली घामोळं,
कूलर नुसता दमट वारा फेकणारा.
खुर्चीच्या डाव्या हातावरचं रेक्झिन फाटलेलं आहे,
गिऱ्हाइकं तिथला काथ्या उपसत बसायची,
मी चिडायचो, कामून उपसता बाप्पा?
त्या रात्रींमध्ये मीही मूठभर उपसला.

मग झोके.
कमरेत वाकायचं, हात सोडून द्यायचा,
खिळ्याला चामोटा लोंबतो तसा.
मग भिंत. सबा मॅडम म्हणाल्या, बोटांनी चढा,
मुंगीसारखं, दुखेल तिथं थांबा.
जिथं थांबेल तिथं केवळा कोळशानं रेघ मारायची.
एका आठवड्यात बोटं तीन बोटं खालीच अडली.
त्या दिवशी तिनं रेघ मारली नाही,
भाकरी करायची आहे म्हणली.
मी मारली. डाव्यानं, वाकडी.

पूर्ण वर जाणार नाही, हे आधीच सांगितलं होतं.
कपाळापर्यंत जातो.
खुर्चीचा खटका खाली केला
की माणूस तेवढाच बुटका होतो, भागतं.
लहान पोरांसाठी आडवी टाकायची फळी
आता मी टाकत नाही.
पोरं रुसतात, त्यांना वरून बघायचं असतं.

काल दुपारी कंगवा घेतला. उजव्यात.
मान जरा खाली, हात जरा वर,
दोघं मध्येच कुठंतरी भेटले.
चार महिन्यांनी माझेच केस माझ्या हाताला लागले,
विरळ झालेत, कुणी बोललं नव्हतं.
भांग वाकडा निघाला.
दादा, बसा, नीट करून देतो, अंकुश म्हणला.
मी म्हणलं, तू गिऱ्हाईक बघ.