इतिवृत्त

बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत,
लिलाव आटपला की आमची सभा.
हाताला सोड्यांचा वास, वहीलाही.
तेविसाव्या पानावर घोळीचं खवलं चिकटलंय,
मी खरवडलं नाही.

विषय पहिला: द्वारकीची नात. नर्सिंगला, दापोलीस.
बाप म्हणतो, एवढा हंगाम जाऊ दे.
दोन हंगाम गेले.
हाजराबी म्हणाली, एसटीचा पास मंडळाकडून.
"आणि बापाला कोण सांगणार?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेनाकडे.

तेव्हा मथुरामावशी बोलली,
जी वर्षभर सभेत नुसतं जाळं सांधत बसते:
"मी सांगते. हर्णैच्या बंदरात बुडत होता तेव्हा
केसाला धरून वर काढलाय त्याला.
कुणाची परवानगी नव्हती घेतली."

ठराव मंजूर. सूचक, मथुरा चोगले.
गाठ मारावी तसा तिनं 'थ' वळवला,
'रा'चा काना सुटला तो थेट
अनुमोदकाच्या ओळीत उतरला.
हाजराबीनं त्याला टेकूनच
आपलं नाव लिहिलं, उजवीकडून, उर्दूत.
मला ते वाचता येईना.
पुढल्या सभेत शिकवते म्हणाली.

चहाचे पैसे कुणी दिले
ते लिहायचं राहिलं.